आभार मानणाऱ्याचे आभार

मिशी काढली की मला कुणी ओळखत नसे. इतकी वर्षं टीव्हीवर काढलेल्या बाईच्या वाट्याला हे सुख क्वचित येतं. मी मंडईत कोथिंबीर निवडत उभी राहायचे, लग्नात दुसऱ्यांदा श्रीखंड वाढून घ्यायचे, आणि शेजारच्या बाईला पत्ता नसायचा की काल ज्या साहेबांवर आपण पोट धरून हसलो ते आपल्याच पंगतीला बसलेत. फक्त तोंड उघडायची चोरी. "दादा, मेथी कशी दिली?" एवढं जरी विचारलं तरी भाजीवाला मान वर करून बघायचा, मग माझ्या ओठांवर बघायचा, मग हसत सुटायचा. मेथी मात्र त्याच भावाने द्यायचा.

खरं तर मी लिहिणारी. एका मराठी वाहिनीवर आठवड्यातून एकदा राजकारणाची टर उडवणारा कार्यक्रम लागायचा, त्यातल्या पुढाऱ्याची भाषणं मी लिहून द्यायचे. पुढारी करणारा नट उंचापुरा आणि इतका हुबेहूब की एका खऱ्याखुऱ्या पक्षाने त्याला महापालिकेचं तिकीटच देऊन टाकलं. चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "ताई, आता मला हे शोभणार नाही," म्हणाला. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. दिवे लागलेले, हार आणलेले, हार घालणारे कार्यकर्ते नाश्ता करून तयार, आणि गळाच नाही. मला भाषण तोंडपाठ होतं, कारण ते माझंच होतं. मी म्हटलं, "आणा ती मिशी इकडे." रंगभूषाकाराने गंमत म्हणून चिकटवली आणि साहेबांचा जन्म झाला. निवडणुकीत तो नट पडला, हे जाता जाता सांगते. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

ओरडणारा पुढारी कुणीही करेल. माझे साहेब ओरडत नसत. ते हळू बोलायचे, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि सगळ्यांचे आभार मानायचे. पूल पडला की ठेकेदाराचे आभार, कारण त्याने निदान बांधला तरी होता. नळाला पाणी आलं नाही की महिलांचे आभार, कारण त्यांनी हंडे घासून तयार ठेवले होते. आणि घोटाळा कुणाचाही निघो, साहेब मिशीवरून बोट फिरवून म्हणायचे, "जाऊ द्या, आपलाच माणूस आहे." हे वाक्य लोक घरात वापरायला लागले. नवऱ्याच्या डोळ्यांदेखत दूध उतू गेलं तरी बायका म्हणायच्या, जाऊ द्या, आपलाच माणूस आहे.

हे आभाराचं वेड मी माहेरून आणलं. माझे वडील तालुक्याच्या गावी शाळामास्तर. गावात आमदार येवो, सभापती येवो की साखर कारखान्याचा संचालक, प्रास्ताविक मोठी माणसं करायची, स्वागत त्याहून मोठी, आणि आभारप्रदर्शन वडिलांच्या गळ्यात. मी स्टेजच्या पायरीवर बसून ऐकायचे. राजकारण मी तिथेच शिकले. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, कुणाला 'आदरणीय' आणि कुणाला नुसतं 'आमचे मित्र', कुणाचं नाव घेतल्यावर कोण खुर्चीत चुळबुळ करतो, ते सगळं आभारात दिसतं. वडील म्हणायचे, "एक वेळ नाव चुकलं तर चालेल, क्रम चुकता कामा नये." आणि ते 'शेवटी' म्हणायचे तेव्हा लोक जेवणाकडे पळालेले असायचे आणि समोर मांडववाला सतरंजी गुंडाळत असायचा. "आभार मानणाऱ्याचे आभार कुणी मानत नाही, बरं का," ते घरी येऊन हसत सांगायचे. हसत सांगायचे, पण दर वेळी सांगायचे.

खरे पुढारीही साहेबांवर खूष होते, हे कुणाला खरं वाटत नाही. प्रत्येकाला वाटायचं, हा समोरच्या पक्षातला. एका समारंभात एक मंत्री मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्या त्या मित्राची काय जिरवलीत हो!" ज्या भागाबद्दल ते बोलत होते तो मी यांच्यावरच लिहिला होता. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण आमच्याकडे खाणाऱ्यांचे घसे फार मजबूत असतात. गावोगावच्या गणेश मंडळांनी बोलावलं, पुरस्कार मिळाले, शाली इतक्या जमल्या की मी त्यांच्या गोधड्या शिवून घेतल्या. मी माझ्या कामात उत्तम होते. हे मी नम्रपणे सांगणार नाही, कारण नम्रपणे बोलायचं काम साहेबांचं होतं आणि त्याचा अर्थ काय असतो ते मला ठाऊक आहे.

माझ्या मुलीला मात्र साहेबांचा जाच झाला. नवरा बोटीवर इंजिनीअर, वर्षातले कितीतरी महिने समुद्रावर, त्यामुळे शाळेच्या पालकसभेला जायची ती मीच. मुलांनी तिच्या डब्यावर खडूने मिशी काढलेली असायची. शाळेच्या फाटकाशी ती माझा हात सोडायची आणि म्हणायची, "आई, आत गेल्यावर बोलू नकोस हं." मी बोलत नसे. बाई म्हणायच्या, "तुमची मुलगी गणितात छान आहे," मी मान डोलवायचे. एका बाईंनी तर तिला विचारलंही होतं म्हणे, तुझ्या आईला बोलता येत नाही का? घरी आल्यावर मी साहेबांच्या आवाजात तिचे मार्क वाचून दाखवायचे आणि ती उशीत तोंड खुपसून हसायची. साहेबांवर हसायचं, पण हसताना दिसायचं नाही, असा तिचा नियम.

मग एका पुढाऱ्याने स्वतःला ओळखलं. सगळ्यांत तोच काय तो हुशार निघाला. वाहिनीवरून एका गोड आवाजाच्या अधिकाऱ्याचा फोन आला, "ताई, साहेबांना जरा सुट्टी देऊ या." आधी कार्यक्रमाची वेळ बदलली, मग वार बदलला, मग साहेब सुट्टीवर गेले ते गेलेच. मी त्या अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये जाऊन त्याला साहेबांच्याच आवाजात असं काही सुनावलं की बाहेर बसलेला शिपाई टाळ्या वाजवायला लागला. उपयोग शून्य, पण मला बरं वाटलं.

तोपर्यंत नवऱ्याने समुद्र सोडून सिंगापूरला जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करायची नोकरी धरली होती. मुलगी लग्नानंतर इथेच पुंगोलला राहत होती. मी मिशीची डबी बॅगेच्या तळाशी टाकली आणि बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये येऊन पडले.

इथे मला आवाजावरूनही कुणी ओळखत नव्हतं. खालच्या मार्केटमधली मासेवाली मला आंटी म्हणायची, मी तिला आंटी म्हणायचे, आणि भाव बोटांनी ठरायचा. लिफ्टमध्ये मी शेजाऱ्यांशी हवेबद्दल बोलायचे. इथे हवा रोज तीच असते, त्यामुळे तो विषयही लवकर संपतो. सुरुवातीला मी स्वतःची समजूत घातली की बरं झालं, सुटले. ते खोटं होतं. मला फार वाईट वाटत होतं. फोडणी देताना साहेबांचं एखादं वाक्य ओठावर यायचं आणि ऐकायला फक्त कुकर. आपला आवाज संपला, आता तो पुन्हा कधी उठायचा नाही, ही भीती मी नवऱ्यालाही बोलून दाखवत नव्हते. पण त्याला कळलं असावं. एकदा चहा पिता पिता तो म्हणाला, "बंद इंजिनसुद्धा रोज थोडं फिरवावं लागतं. नाहीतर चालू करायच्या दिवशी जागचं हलत नाही."

"मी काय इंजिन आहे का?" मी विचारलं.

"आवाज तसाच आहे," तो म्हणाला आणि कप विसळायला उठला.

तो आवाज पकडला गेला लिटिल इंडियात. तिथल्या त्या रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या मोठ्या दुकानात आम्ही दिवाळीआधी चकलीच्या भाजणीचं सामान घ्यायला गेलो होतो. मी लांबून विचारलं, "अहो, धणे घेतलेत का?" पलीकडे चालणारी एक ट्रॉली थांबली. एक पन्नाशीचा, उन्हाने रापलेला माणूस डाळींच्या पिशव्यांवरून डोकावला आणि थेट माझ्या ओठांवर बघायला लागला.

"साहेब?" तो म्हणाला. "ताई, तुम्हीच ना? अहो, बोटीवर आम्ही तुमचे भाग पेनड्राइव्हवर घेऊन फिरायचो! बाहेर वादळ आणि आत आम्ही साहेबांवर हसतोय. आमचा कॅप्टन रशियन, पण 'आपलाच माणूस' त्यालासुद्धा म्हणता यायचं."

मला रडू आलं. धण्यांच्या रांगेत उभं राहून मी चक्क रडले, आणि नवरा हातात धणे घेऊन शांतपणे शेजारी उभा राहिला.

तो माणूस निघाला एका लहानशा मराठी मंडळाच्या समितीवरचा, आणि त्याच मंडळाची सांस्कृतिक सचिव माझी मुलगी. तिने आपली आई कोण ते तिथे कुणाला सांगितलंच नव्हतं. आता बातमी फुटली. दिवाळी संमेलन तोंडावर आलेलं, समितीची बैठक बसली आणि दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्याकडे आली. चेहरा बघूनच मी ओळखलं की पालकसभा आहे.

"आई, सगळ्यांना तू हवी आहेस. पण साहेब नकोत."

"म्हणजे मी नको."

"असं नको ना बोलू. भारतातल्या मागच्या इलेक्शनला इथे काय झालं तुला माहीत नाही. व्हॉट्सॲप ग्रुप फुटला. निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे. इतक्या वर्षांचे मित्र, एकमेकांच्या मुलांच्या बर्थडेला गेले नाहीत. आत्ता कुठे सगळे एका हॉलमध्ये बसायला तयार झालेत. तू कुणाचीही टिंगल केलीस तरी निम्मा हॉल उठून जाईल. शिवाय अध्यक्ष म्हणतात, स्क्रिप्ट आधी अप्रूव्ह करून घ्यावं लागतं."

"कुणाकडून?"

"ते त्यांनाही नक्की माहीत नाही. पण मी त्यांना वर्ड दिलाय, आई. नो पॉलिटिक्स. एक शब्दसुद्धा नाही."

"मग मी करू काय, नाचू?"

ती खाली बघायला लागली. "आभारप्रदर्शन कर. ते सेफ आहे. आभारात कुठून येणार राजकारण?"

माझे वडील तिच्या जन्माआधी गेले, नाहीतर हे वाक्य तिच्या तोंडून निघालं नसतं. आधी मला संताप आला. ज्या बाईने शालींच्या गोधड्या शिवल्या तिला आभार! मग संताप ओसरला आणि पोटात हसू फुटायला लागलं, ते मी दाबलं. "बरं," मी म्हटलं, "तुझा शब्द तो माझा शब्द. एकाही पक्षाचं, पुढाऱ्याचं, निवडणुकीचं नाव घेणार नाही." तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. गणितात छान असलेली मुलगी, तिला उत्तर इतक्या सहज सुटलेलं आवडलं नाही.

मला मात्र गणित पक्कं कळत होतं. मी घसरले तर मुलीची मान खाली जाणार, आणि तिला इथे याच लोकांत राहायचंय. आणि मी नुसती नावं वाचून खाली उतरले तर साहेब त्या स्टेजवर कायमचे मरणार. दोन्ही मला नको होतं.

मंडळाच्या तालमी मुलीच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर चालायच्या. मी चहा द्यायचं काम मागून घेतलं, कारण चहा देणाऱ्यासमोर माणसं मोकळेपणी बोलतात. अध्यक्ष प्रत्येकाला सांगत होते की मला हे पद नको आहे. माइकवाला माइकला दोष देत होता. ग्रुप सोडून गेलेले सभासद 'सहज इथून चाललो होतो' म्हणत तालमीला डोकावत होते आणि चहा घेऊन जात होते. वडिलांचा तालुका उठून पुंगोलला आला होता, फक्त इथे लिफ्ट होती.

पाठांतर मी एलआरटी नावाच्या छोट्या रेल्वेत केलं. पुंगोलची एलआरटी स्टेशनातून सुटते, इमारतींमधून वळसा घेते आणि पुन्हा त्याच स्टेशनात येते. नातीला शाळेतून आणायचं आणि घरी जायच्या ऐवजी दोघींनी आणखी एक फेरी मारायची, असं चाललं होतं. मी अध्यक्षांचे आभार मानत होते तेव्हा समोरचे चिनी आजोबा जागा बदलून लांब जाऊन बसले. नातीने माझी बाही ओढली. "आजी, डोन्ट टॉक सो लाउड लाह. एव्हरीबडी लुकिंग." हे वाक्य आमच्या घराण्यात चालत आलेलं आहे.

संमेलन रविवारी सकाळी एका शाळेच्या सभागृहात झालं. गणेशवंदना झाली, लहान मुलांनी इंग्रजी उच्चारांत मराठी नाटुकलं केलं, लावणीच्या मध्येच माइक बंद पडला, आणि प्रमुख पाहुणे 'मी दोनच शब्द बोलणार आहे' म्हणून उभे राहिले. ते बोलत असतानाच बाहेरच्या व्हरांड्यात मसालेभाताचं झाकण कुणीतरी उघडलं. दुसऱ्या रांगेत 'राखीव' लिहिलेल्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या होत्या. मुलीने विंगेतून माझं नाव पुकारलं, "आता आभारप्रदर्शन," आणि 'प्रदर्शन' पूर्ण व्हायच्या आत मागच्या रांगा उठल्या.

मी माइकपाशी पोचले तेव्हा दाराशी गर्दी झाली होती. किती काळात मी माणसांसमोर उभी राहिले नव्हते! मला वडील आठवले. ते सतरंजी गुंडाळणाऱ्यासमोरही आदराने बोलायचे. मी हात जोडले.

"सर्वप्रथम," मी माझ्या साध्या आवाजात म्हटलं, "जे आत्ता उठून निघाले आहेत त्यांचे आभार. त्यांच्यामुळे आपल्याला कळलं की जेवण तयार आहे."

दाराशी काहीजण थबकले. तिसऱ्या रांगेतली एक बाई हसली. एकटीच, पण खरं हसली. आणि माझा उजवा हात आपसूक वर गेला, ओठांवर आला, नसलेल्या मिशीवरून बोट फिरलं. मी ठरवून केलं नव्हतं, शपथ घ्यायला तयार आहे. आवाज खाली उतरला, मऊ झाला, आणि साहेब येऊन माझ्या गळ्यात बसले. जणू सुट्टीवर गेलेच नव्हते.

"अध्यक्षमहोदयांचे आभार. त्यांना हे पद नको होतं. दर वर्षी नको असतं. दर वर्षी ते डोळ्यांत पाणी आणून नको म्हणतात, आणि दर वर्षी आपण त्यांच्या अश्रूंचा अपमान करून त्यांना त्या खुर्चीत बसवतो. त्यांच्यासमोर दुसरं कुणी उभं राहत नाही, याचं कारण त्यांची लोकप्रियता. आणि उभं राहायची तारीख कुणाला कळवलेली नसते, हेही एक कारण."

सभागृहात हशा फुटला. दारातून तो बोटीवरचा रापलेला माणूस ओरडला, "आपलाच माणूस!" आणि लोक वळून बघायला लागले, एकमेकांना सांगायला लागले, अरे, साहेब, ते साहेब!

मी विंगेकडे बघितलं. मुलीने कार्यक्रमाची फाइल चेहऱ्यासमोर धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. रडते आहे की काय? तिने मान हलवून नको म्हटलं असतं तर मी तिथेच थांबले असते. मग मला उशी आठवली. मी पुढे निघाले.

"प्रमुख पाहुण्यांचे आभार. दोन शब्द बोलतो म्हणाले. पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी सोसलं. पण दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, असा हट्ट मोठ्या माणसांपाशी धरू नये. दुसऱ्या रांगेतल्या राखीव खुर्च्यांचे आभार. त्या कुणासाठी राखून ठेवल्या ते कळलं नाही, पण आपल्यासाठी नव्हत्या हे नक्की कळलं. ध्वनिव्यवस्थेचे आभार. माइक का बंद पडला, याच्या चौकशीसाठी समिती नेमली आहे. ज्यांनी माइक लावला तेच समितीवर आहेत, कारण आतली माहिती बाहेरच्याला कशी असणार?"

सभागृहात खायला मनाई होती. त्यामुळे ताटं वाढून घेतलेली माणसं दारातच अडकली होती, ताट बाहेर आणि मान आत. मागून येणारे त्यांना ढकलत होते, स्वयंसेवक हात जोडत होते, आणि कुणी जागचं हलायला तयार नव्हतं. मसालेभाताला पाठ दाखवून मराठी माणूस आभार ऐकतोय, हे वडिलांना दिसायला हवं होतं.

आता अवघड जागा आली होती. मी आवाज आणखी खाली आणला.

"ग्रुप सोडून गेलेल्यांचे आभार. जातो जातो म्हणत न गेलेल्यांचे त्याहून जास्त आभार. जे गेले, आणि मग बायकोच्या मोबाइलवर रोज वाचत बसले, त्यांचे विशेष आभार, कारण त्यांच्याइतकं लक्ष देऊन आतल्यांनीही वाचलं नाही."

सगळे एकदम गप्प झाले. मी समोर बघत होते. डाव्या बाजूला बसलेल्या एका टकल्या गृहस्थांच्या बायकोने तोंडाला पदर लावला, तिला हसू आवरेना, आणि तिने आपला मोबाइलच नवऱ्यापुढे धरला. उजव्या बाजूचे त्यांचे एके काळचे मित्र ते बघून आधी एकटेच खदखदले. मग टकले गृहस्थही हसले. मग सगळेच हसले, इकडचे आणि तिकडचे, आणि टाळ्या वाजवताना कोण कुठला ते मला काही ओळखता येईना.

"जे आज परत आले," साहेब म्हणाले, "त्यांना एवढंच सांगतो. तुमची जागा तुमच्यासाठीच ठेवली होती. सध्या तिथे दुसरं कुणी बसलंय, ते सोडा. आणि जिलबी सर्वांना पुरेल, असं मी जाहीर आश्वासन देतो."

साहेबांनी आश्वासन दिलं म्हटल्यावर निम्मे लोक घाबरून खरंच दाराकडे धावले आणि हसत हसत परत आले. मी "शेवटी" म्हटलं. "नको, नको!" असा गलका झाला. मी थांबले आणि सगळ्या सभागृहावरून एकदा नजर फिरवली. एकही खुर्ची रिकामी नव्हती. राखीव रांगेतसुद्धा लोक येऊन बसले होते. कुणी काही गुंडाळत नव्हतं. माझी छाती भरून आली, आणि मी ती भरू दिली. मी जिंकले होते. माझा आवाज माझ्या गळ्यात होता, आणि मुलीच्या शब्दाला टाचणीएवढंही भोक पडलेलं नव्हतं.

"शेवटी," मी माझ्या स्वतःच्या आवाजात म्हटलं, "तुम्ही थांबलात, म्हणून तुमचे आभार."

लोक उभे राहिले. अध्यक्ष डोळे पुसत स्टेजवर आले, आणि या खेपेला पाणी खरं होतं. माझ्या कानाशी लागून ते म्हणाले, "ताई, आमच्या आधीच्या अध्यक्षांची काय जिरवलीत हो!" मी मान लववून धन्यवाद म्हटलं. कारकीर्द पूर्ण झाल्यासारखं वाटलं.

आभारानंतर कुणी बोलत नसतं, अशी रीत आहे. पण मुलगी विंगेतून बाहेर आली आणि तिने माइक हातात घेतला. टाळ्या थांबल्या.

"एक आभार राहिलेत," ती म्हणाली. "आभार मानणाऱ्यांचे आभार मानायची आपल्यात पद्धत नाही. मला आज मानायचेत. मी लहान असताना हिला शाळेत न्यायचे आणि सांगायचे, बोलू नकोस. परवासुद्धा तेच सांगितलं. काहींना माहीत असेल, बऱ्याच जणांना नसेल, कारण मी सांगितलं नव्हतं. ही कोण आहे ते मी सांगते."

ती थांबली. मग तिने फाइल टेबलावर ठेवली आणि बोट ओठांवर नेलं. मिशीवरून बोट फिरवायची साहेबांची लकब तिला जमली नाही, उलट्या बाजूने फिरवलं.

"जाऊ द्या," ती हळू आवाजात म्हणाली, "आपलाच माणूस आहे."

आणि हसली. उशी नाही, फाइल नाही, सगळ्यांच्या देखत तोंड उघडून हसली, आणि माइक माझ्यापुढे धरून म्हणाली, "बोल ना, आई."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला बोलता येईना. मी नुसती मान डोलवली.